डायल रंगवून घेण्याआधी तिचा रंग एकदा खिडकीपाशी नेऊन बघा

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घड्याळांवर मजकूर आलाय तो वाचला. चांगला लिहिलाय, चावीच्या घड्याळाला रोज एकाच वेळेला चावी द्या, पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून ठेवा वगैरे सगळं बरोबर आहे, पण शेवटी शेवटी एक वाक्य आलंय की वडिलांच्या किंवा आजोबांच्या भारी घड्याळाची डायल तपकिरी, पिवळट पडली असेल तर ती रंगवून घ्या, थोडक्या पैशात घड्याळ नव्यासारखं होतं. ते वाचल्यापासून मला चैन नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी चिपळूणला घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवतो, आधी वडील चालवायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तुमचा पेपर कोकणात घरोघरी जातो आणि अशी घड्याळं कोकणातच कपाटात पडून आहेत, त्यामुळे थोडी जागा जास्त लागली तरी हे छापा ही विनंती.

कोकणात का, तर आमच्याकडची माणसं जहाजावर आणि आखातात. कुवेत, बहारीन, मस्कत, दुबई. सुट्टीला येताना टेपरेकॉर्डर, थोडं सोनं आणि मनगटाला एक घड्याळ. बहुतेकांचं सेइको नाहीतर रॅडो, पण एखाद्याने पै पै साठवून ओमेगा घेतलेलं असतं, एखाद्याने रोलेक्स. तो माणूस गेला की घड्याळ कपाटात जातं, आणि मग वीस वर्षांनी मुलगा नाहीतर सून ते रुमालात गुंडाळून आमच्यासारख्याकडे घेऊन येते आणि पहिलं वाक्य हेच असतं, बघा ना, डायल खराब झालीय.

१९९१ सालची गोष्ट सांगतो. आमच्याच भागातले एक काका जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, त्यांच्याकडे रोलेक्सचं जीएमटी मास्टर होतं, मॉडेल नंबर १६७५, काचेभोवती लाल-निळी रिंग असलेलं, १९६०च्या दशकात घेतलेलं. डायल मुळात काळी, पण आली तेव्हा पूर्ण चॉकलेटी झालेली, अगदी एकसारखी, विड्यातल्या काथाला असतो ना तसा रंग आणि वर चकाकी तशीच. काका म्हणाले, अण्णा, लोक विचारतात डायल जळली का म्हणून, काळी करून द्या. अण्णांनी डायल काढली, कापसात ठेवून डबीत बंद केली आणि मीच ती एसटीने मुंबईला डायल पेंटरकडे घेऊन गेलो. आठवड्याने परत आणली, चकचकीत काळी, सोनेरी अक्षरं. काका खूष, अण्णा खूष, मीही खूष. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तशीच चॉकलेटी डायल बघितली, तिला 'ट्रॉपिकल' असं नाव दिलेलं होतं आणि काळ्या डायलच्या त्याच घड्याळापेक्षा तिची किंमत जास्त लावलेली होती. अण्णा तेव्हा हयात होते, त्यांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले आणि एवढंच म्हणाले, आपण पुसून टाकलं रे ते.

तेव्हापासून मी डायलच्या रंगाचा नाद धरला, म्हणून जे कळलंय ते सांगतो.

काळी डायल तपकिरी होते ती घाणीने नाही. १९५०-६०च्या दशकात डायलवर काळ्या रंगाचा जो थर चढवायचे तो ऊन झेलणारा नव्हता, वर्षानुवर्षं उन्हातली अतिनील किरणं पडून काळ्याचा हळूहळू तपकिरी होत गेला. उष्ण देशात, समुद्रावर वापरलेल्या घड्याळांत हे जास्त दिसतं म्हणून नाव ट्रॉपिकल. सगळ्याच डायल तशा होत नाहीत, दोन भावांनी एकाच दुकानातून घेतलेली असली तरी एकाची काळीच राहील आणि दुसऱ्याची मधासारखी होईल, आणि म्हणूनच त्या दुर्मिळ. अजून एक, त्या काळातल्या बऱ्याच रोलेक्सवरची सोनेरी अक्षरं वरून छापलेली नसायचीच, अक्षरांच्या जागी खालचं पितळ उघडं ठेवून आजूबाजूला काळा थर चढवलेला असायचा. भिंगातून बघितलं तर अक्षर पृष्ठभागाच्या किंचित खाली दिसतं. रंगवलेल्या डायलवर ते वर चढलेलं दिसतं, कारण तिथे सोनेरी रंग नंतर छापलेला असतो. बोसनकाकांच्या डायलवरची अक्षरं अशी खालची होती हे मला आज समजतं, १९९१ला समजत नव्हतं.

काळ्याचंच होतं असं नाही. रोलेक्सच्या एक्सप्लोरर टू मध्ये १६५५० नंबरचं मॉडेल १९८५च्या सुमाराला आलं, त्याच्या पांढऱ्या डायलच्या रंगातच दोष होता, त्यामुळे काही डायल पिवळसर, सायीच्या रंगाच्या झाल्या, आज लोक नेमक्या त्याच शोधतात. रोलेक्सच्याच डेटोनाचं १६५२० म्हणून मॉडेल १९८८ ते २००० बनलं, त्यातल्या नव्वदीच्या मधल्या काही वर्षांतल्या काळ्या डायलवर छोट्या तीन गोलांच्या चंदेरी कडा तपकिरी पडल्या, कारण वर मारलेलं वार्निश चांदीला हवेपासून वाचवू शकलं नाही. त्यांना पॅट्रिझी डायल म्हणतात, अँटिकोरम हे लिलावघर काढणाऱ्या ओस्वाल्दो पॅट्रिझींच्या नावावरून. आणि मस्कत-दुबईहून आलेली रोलेक्सची दोन रंगी सबमरीनर, सोनं आणि स्टील एकत्र असलेली, १६८०३ किंवा १६६१३, त्यांची निळी डायल कधीकधी जांभळी होते. अशी एक माझ्याकडे चार वर्षांपूर्वी आली. घरातले म्हणाले डायल बिघडलीय, आम्हाला एका ठिकाणी सांगितलं नवीन निळी बसवून देतो, जुनी फुकटात काढून घेतो. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन दाखवलं, मधोमध गर्द जांभळी आणि कडेला अजून निळ्याची छटा. जुनी फुकटात काढून घेतो म्हणणारा माणूस ती कशासाठी घेत होता ते त्यांना तिथेच कळलं.

पण उलटंही आहे, सगळ्याच खराब डायल दुर्मिळ नसतात, हेही सांगायला हवं नाहीतर लोक गंज लागलेलं घड्याळ घेऊन लाखाची स्वप्नं बघतील. २२ जुलै २०२१चा वाशिष्ठीचा पूर सगळ्यांना आठवतो, आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर दोन-तीन महिने माझ्याकडे नुसती पुरातली घड्याळं येत होती, तेव्हा पाण्याने डायल कशी जाते ते इतकं बघितलं की आता डोळे मिटून ओळखेन. पाण्याचा डाग काठाकडून किंवा तारखेच्या खिडकीपासून सुरू होतो, नकाशासारखा पसरतो, रंगाला फोड येतात, काट्यांच्या मुळाशी गंज दिसतो, चमकणाऱ्या ठिपक्यांभोवती हिरवट-काळी कड येते. उन्हाने बदललेला रंग तसा नसतो, तो शांत असतो, एकसारखा किंवा मधून कडेकडे हळूच बदलत जाणारा, अक्षरं शाबूत, चकाकी शाबूत. आणि डायल बाहेर काढली तर केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या पेटीच्या, कडेखाली झाकलेली बारीक गोल पट्टी बऱ्याचदा मूळ रंगाचीच सापडते, कारण तिथे ऊन पोचलेलंच नसतं. हल्ली काही लोक मुद्दाम भट्टीत नाहीतर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली डायल भाजून तपकिरी करतात. संशय आला तर ही पट्टी बघावी, आणि ठिपकेही बघावेत, भाजलेल्यात ते करपलेले दिसतात.

ठिपक्यांवरून आठवलं. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणतात, पण घड्याळात खरं रेडियम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच, त्यानंतर ट्रिटियम, तेही किरणोत्सर्गीच, आणि १९९८च्या आसपास ल्युमिनोव्हा, ज्यात किरणोत्सर्ग नाही. ट्रिटियमची ताकद साधारण १२ वर्षांत निम्मी होते, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातलं घड्याळ आज चमकायलाच नको, ठिपके मोतिया किंवा बदामी झालेले असायला हवेत. डायलवर खाली सहाजवळ 'टी स्विस टी' किंवा 'टी' आणि २५ असं बारीक लिहिलेलं असेल (टी म्हणजे ट्रिटियम) आणि ठिपके मात्र रात्रभर हिरवेगार चमकत असतील तर कुणीतरी ठिपके नंतर भरलेत समजा. आणि खरं रेडियम असलं तर ते खरवडू नका, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, चमक गेली तरी ते तिथेच असतं आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट. जुनी डायल रंगवताना पहिली गोष्ट काय करतात तर जुना रंग आणि ठिपके काढून पितळ उघडं करतात, हा त्यातला अजून एक धोका.

आता रंग बघायचा कसा. आमच्या घरात लुगडी-साड्यांचा बारीक विचार असायचा, आई आमसुली आणि वांगी यातला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये कधीच ठरवायची नाही, साडी दाराशी नेऊन उजेडात बघायची. घड्याळाचंही अगदी तेच. दुकानात डोक्यावर जे पिवळे दिवे असतात त्याखाली राखाडी डायल बदामी वाटते आणि पांढऱ्या एलईडीखाली तीच निळसर. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीपाशी, थेट उन्हात नाही तर सावलीतल्या उजेडात, खाली पांढरा कागद ठेवून बघा, आणि घड्याळ हातात धरून हळूहळू तिरपं करा. आजकालच्या भारी घड्याळांत सनरे म्हणून प्रकार असतो, डायलच्या मध्यापासून चहूकडे केसाएवढ्या बारीक रेघा घासलेल्या असतात, त्यावर रंग. त्यामुळे पैठणीच्या धूपछाँवसारखं होतं, एका बाजूने बघितलं तर मोरपंखी आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काळी. संध्याकाळी घरात निळी सनरे डायल काळीच वाटते. फोनवर आलेल्या एका फोटोवरून तुम्ही रंग ठरवलात तर फसणारच, कारण फोन स्वतःच्या मनाने पांढरा ठरवतो आणि बाकीचे रंग त्यावर ढकलतो, शिवाय काही कंपन्यांच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर असतो त्याची निळी-जांभळी झाक फोटोत येते. विकणाऱ्याकडून फोटो मागवताना शेजारी पांढरा कागद ठेवून, तीन बाजूंनी, आणि एक व्हिडिओ असं मागा.

नावांचाही गोंधळ आहे. रोलेक्सच्या डेटजस्टमध्ये सिल्व्हर, ऱ्होडियम, स्लेट अशा वेगवेगळ्या डायल झाल्यात आणि विकणारा सगळ्यांना ग्रे म्हणतो. आपल्या भाषेत करडा, राखाडी, चंदेरी इतके शब्द असताना बिलावर फक्त ग्रे. सबमरीनरचं तर विचारू नका, हिरवी सबमरीनर म्हणजे कुठली? २००३ साली आली तिची डायल काळी आणि फक्त रिंग हिरवी, २०१० साली आली तिची डायल आणि रिंग दोन्ही हिरव्या, २०२० साली परत डायल काळी आणि रिंग हिरवी. तीन वेगळी घड्याळं, तीन वेगळ्या किमती. लाल-निळ्या जीएमटीतही तसंच, २०१८ला स्टीलचं आलं ते काळ्या डायलचं, आणि त्याच साली पांढऱ्या सोन्याच्या घड्याळाची डायल मध्यरात्रीच्या आभाळासारखी गडद निळी केली. म्हणजे तिथे डायलचा रंग हाच स्टील आणि सोनं यातला डोळ्यांना दिसणारा फरक. अंधारात दोन्ही सारखीच वाटतात.

ओदमार पिगे या स्विस कंपनीच्या रॉयल ओकची निळी डायल, डिझाइन जेराल्ड जेंटाचं, घड्याळ १९७२ साली बाजारात आलं, तिचा रंग कसा करायचे तर विजेच्या प्रवाहावर रसायनाच्या बाथमध्ये डायल निळी करायची आणि वर वार्निशमध्ये ५० नंबरच्या काळ्या रंगाचा थेंब. बाथमध्ये किती वेळ राहिली यावर छटा ठरायची, म्हणून जुन्या रॉयल ओकच्या दोन डायल शेजारी ठेवल्या तर एक निळी आणि एक राखाडीकडे झुकलेली दिसेल, आणि दोन्ही अस्सल. रंग जुळत नाही म्हणजे नकली असं लगेच म्हणू नये ते यासाठी.

नव्या घड्याळांत आजचा मोठा घोळ फिरोजी रंगाचा आहे. रोलेक्सने २०२० साली ऑयस्टर पर्पेच्युअलमध्ये पिवळा, कोरल लाल, हिरवा, गुलाबी आणि फिरोजी निळा असे रंग आणले. त्यानंतर डिसेंबर २०२१मध्ये पाटेक फिलिप या स्विस कंपनीने टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या रंगातलं नॉटिलस नावाचं घड्याळ काढलं, फक्त १७० नग, त्यातलं एक न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं, आणि रोलेक्सच्या ज्या फिरोजीला लोक टिफनी म्हणतात तिचेही भाव चढले. मग काय, साधी चंदेरी किंवा काळी डायल असलेलं अस्सल ऑयस्टर पर्पेच्युअल घ्यायचं आणि त्यात बाहेर बनवलेली फिरोजी डायल बसवायची. केस खरी, मशीन खरं, सिरियल नंबर खरा, मॉडेल नंबरही तोच, कारण एकाच मॉडेल नंबरात वेगवेगळ्या रंगांच्या डायल आल्यात. ग्राहक नंबर तपासून निर्धास्त होतो. इथे भिंगच उपयोगी पडतं, छपाईची कड तुटक आहे का, रोलेक्सची खूण असलेल्या मुकुटाची बोटं सारखी आहेत का, मिनिटाच्या रेघा आणि वर बसवलेल्या तासाच्या पट्ट्या एका रेषेत आहेत का, खाली 'स्विस मेड' मधला छोटा मुकुट नीट उठलाय का. आणि रंग स्वतः, खऱ्या डायलचा लॅकर, म्हणजे चकचकीत रंगाचा थर, जाड, गुळगुळीत आणि एकसमान असतो, बाहेरच्यात तो बऱ्याचदा जास्त हिरवट नाहीतर दुधाळ असतो. अस्सल घड्याळ एकदा शोरूममध्ये दिवसाच्या उजेडात बघून घ्या आणि तो रंग डोळ्यात ठेवा.

मोठमोठे लोकही रंगाला भुलतात. नोव्हेंबर २०२१ला जिनिव्हात १९५७चं ओमेगा स्पीडमास्टर, तपकिरी झालेल्या डायलचं, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगाच, त्यांच्या म्युझियमसाठी. २०२३ला कंपनीनेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं आणि यात त्यांचेच माजी कर्मचारी गुंतलेले होते. जिथे कंपनीची फसगत होते तिथे खेडच्या किंवा दापोलीच्या बाईने नवऱ्याचं घड्याळ विकताना कुणावर भरवसा ठेवायचा, म्हणून मी सारखा म्हणतो, स्वतः बघायला शिका.

डायल रंगवणारे कारागीर वाईट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुंबईच्या पेंटरांचा हात फार सफाईदार, हाताने केलेली छपाई इतकी बारीक की अण्णा भिंग लावून बघायचे आणि मान डोलवायचे. पण त्यांचं काम बाहेरदेशी गेलं आणि एचएमटी, सेइको ५, फेवर ल्युबा यांच्या केशरी, पोपटी, गुलाबी रंगवलेल्या डायल इतक्या विकल्या गेल्या की परदेशातले संग्राहक रंगवलेल्या घड्याळाला सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईचं नाव असं वापरलेलं मला आवडत नाही, दोष असेल तर तो रंगवलेलं आहे हे न सांगता विकणाऱ्याचा आहे.

म्हणून पुरवणीत दुरुस्ती छापा ही विनंती. लोकांना सांगा की महागडं जुनं घड्याळ सर्व्हिसिंगला देताना, मग ते अधिकृत ठिकाणी असो की आमच्यासारख्याकडे, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, रंगवायचे नाहीत, पॉलिश करायचे नाहीत असं लिहून द्यावं आणि देण्याआधी डायलचा जवळून फोटो काढून ठेवावा. बदलावीच लागली तर जुनी डायल परत मागावी, ती आपली असते. आणि विकत घेताना बिलावर नुसता मॉडेल नंबर नको, डायल कुठल्या रंगाची, मूळ की रंगवलेली की बदललेली, हे शब्दात लिहून मागावं. विकणारा लिहून द्यायला कचरला तर तिथून उठावं.

बोसनकाका आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा ते जीएमटी सर्व्हिसला घेऊन आला, डायल अजून काळीभोर आहे, अक्षरं भिंगाखाली वर चढलेली दिसतात. मी त्याला सगळं सांगितलं, १९९१ला डायल घेऊन एसटीत बसलेला मुलगा मीच होतो हेही सांगितलं. तो म्हणाला, बाबा शेवटपर्यंत हेच घालायचे, असू दे. मी मशीन साफ करून दिलं, तेल घातलं, आणि बिलावर लिहिलं, रोलेक्स जीएमटी मास्टर १६७५, डायल मूळ चॉकलेटी, १९९१ साली आमच्या दुकानातून काळी रंगवून घेतलेली.

आपला,
एक घड्याळ दुरुस्तीवाला, चिपळूण